चिंचेने धुतलेला आरसा

जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू असल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा पाहत होते. त्याचे भाग सुटे करून परत बसवता येत होते. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याची नजर कडेकडेने संपत आता मधल्या भोकापुरती उरली आहे, औषधाचे थेंब चुकवू नका, पण गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. किती दिवस, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. अशा वेळी मुलीला जे वाटायला हवं ते मला वाटलं नाही. भूक मात्र लागली. समोरच्या हॉटेलात मी दोन प्लेट पोहे मागवले आणि माझी प्लेट चाटूनपुसून संपवली.

बाबा पोह्यांतले शेंगदाणे बोटांनी शोधत होते. म्हणाले, "दुर्बिणीतून तरी कुठं सारं आभाळ दिसते, बाई? नळीपुरतंच दिसते. मले सवय हाय."

मी हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. माझं हे जुनंच आहे. नवरा सोडून गेला त्या दिवशीही मी बुलढाण्याच्या ऑफिसात संध्याकाळपर्यंत टपालावर शिक्के मारत बसले होते. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली होती, धन्य आहे बाई तुझी. मला त्यात धन्य काय ते कळलं नाही. आत कोणी दार लावून घेतल्यासारखं होतं, आणि बाहेरची कामं व्यवस्थित चालू राहतात.

बाबा दुसरबीडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेमागच्या मुरमाड टेकाडावर शाळा चालवणाऱ्या संस्थेने वेधशाळा बांधली. वेधशाळा म्हणजे चार भिंती आणि वर रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर. आतली मोठी दुर्बीण मात्र बाबांनी उभी केली. तिच्या तळाशी मोठ्या परातीएवढा आरसा आहे, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घासलेला आहे. आमच्या पडवीत एक पिंप उभं केलं होतं. त्यावर एक काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये पाणी आणि वाळूसारखी पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते, तेव्हा घरात माणसांच्या बोलण्यापेक्षा तो खरखराटच जास्त ऐकू यायचा. आई म्हणायची, "सवत आणली असती तर निदान भाकरी तरी थापू लागली असती."

निवृत्तीनंतर वेधशाळा सांभाळायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून संस्थेने शेजारच्या दोन खोल्या आई-बाबांना राहायला दिल्या. लोणारचं सरोवर पाहायला आलेले लोक वाट वाकडी करून यायचे. शाळांच्या सहली यायच्या. बाबा सगळ्यांना चंद्र दाखवायचे, गुरू दाखवायचे, आणि शेवटी, गोड पदार्थ वाढावा तसा, शनी. आई आत चहा करायची. तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दुर्बिणीतून शनी पाहिला असेल, आईने कधीच पाहिला नाही. शनीच्या नजरेसमोर उभं राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. बाबा डिवचायचे, "देवळात जाऊन त्याले तेल वाह्यतेस, अन् घरी आला का लपतेस?" आई म्हणायची, "तेल वाह्यते म्हणूनच घर उभं हाय तुमचं."

जालन्याहून परत येताना एसटीत बाबांनी मला काय हवं आहे ते सांगितलं. शनीभोवतीचं कडं आपल्याला नेहमी तिरपं दिसतं. पण पंधराएक वर्षांतून एकदा ते नुसती धार आपल्याकडे करून अगदी आडवं येतं, आणि इतकं बारीक दिसतं की असून नसल्यासारखं होतं. तरुणपणी त्यांनी ते शाळेच्या लहान दुर्बिणीतून ओझरतं पाहिलं होतं. मागच्या खेपेला शनी नेमका सूर्याजवळ होता, त्यामुळे हुकलं. यंदा पावसाळा सरला की ते दिसणार होतं.

"माह्या आरशातून एकदा पाह्याचं हाय मले," बाबा म्हणाले. "मंग नजर गेली तरी चालते."

चालते कसं, हे मी विचारलं नाही. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. मी तेच बघत बसले.

पावसाळाभर वेधशाळेचं छप्पर बंद असतं आणि आरशावर लाकडी झाकण. खंडेनवमीला ती उघडायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवशी शेतकरी नांगर-विळे पुजतात, सुतार करवत पुजतो, आणि आई दुर्बीण पुजायची. चौकटीला हळद-कुंकू, नळ्यांना झेंडूचा हार, पुढे नारळ. आरशाच्या झाकणाला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. नियम होता, पण त्याचं कारण त्यांनी आईला कधी सांगितलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना ते तासभर समजावत बसायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यंदा नवमीच्या सकाळी मी बाबांना घेऊन थेंबांची बाटली आणायला सिंदखेड राजाला गेले होते. परत आलो तर आई वेधशाळेच्या दारात पदराने हात पुसत उभी. चेहरा असा, की जणू लग्नघरातली कामं एकटीने उरकली आहेत.

"आरसा लखलखीत केला आज," ती म्हणाली. "किती मळ होता त्याच्यावर! काळा काळा निघत होता. मंग काय दिसन त्याईले? माणसाचा डोळा बी अधू अन् आरसा बी मळका."

"कशानं धुतला?" मी विचारलं.

"देवाची भांडी कशानं धुतो? चिंच लावली, राख लावली, हळूहळू घासला. मंग दुधानं धुतला. अन् शनीले हात जोडले, का आता त्याईच्या डोळ्यावरून नजर काढ बाप्पा."

मी बाबांकडे पाहिलं. ते दारातच थांबले होते.

घरातल्या आरशाचा लेप काचेच्या मागे असतो. पुढून कितीही पुसा, काही बिघडत नाही. दुर्बिणीच्या आरशाचा लेप काचेच्या पुढे असतो, उघडा. ॲल्युमिनियमचा, साबणाच्या फुग्यासारखा पातळ. त्यावरची धूळसुद्धा बाबा झटकत नसत. आईच्या हाताखाली जो काळा मळ निघत होता, तो मळ नव्हता. तो लेपच होता.

मी आत जाऊन वाकून पाहिलं. कडेला थोडी चकाकी उरली होती. मधला सगळा भाग नुसती काच, आणि तिच्यातून खालचे लाकडी टेकू स्वच्छ दिसत होते. बरोबर मध्यभागी हळद-कुंकवाची बोटं आणि एक झेंडू.

"आरपार दिसते का?" बाबांनी मागून विचारलं.

"हो," मी म्हटलं.

बाबा आले, झेंडू उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेवर तळहात ठेवला. तसाच ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "चला, जेवून घेऊ. पुरण थंड होईन." आईला त्यांनी बोल लावला नाही.

मला तेच सहन झालं नाही. मी तिथेच आईला सांगून टाकलं, की करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती, बाबांचा आरसा तू पुसून टाकलास, आता यातून शनी काय, समोरची बाभूळही दिसणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, माणूस चिडल्यासारखा तरी वाटला असता. मी ऑफिसात त्रुटी वाचून दाखवते तशी तिची चूक वाचून दाखवली. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं पारा मागून असते."

त्यानंतर ते वाक्य ती कधीही म्हणायची. भाजी निवडताना, अंगण झाडताना, मध्येच हात थांबवून. आम्हाला उद्देशून नाही, आपलं आपल्याशीच. मले वाटलं पारा मागून असते. मला एकदा वाटलं, जाऊन तिला जवळ घ्यावं. वाटलं म्हणजे मनात आलं. मी गेले नाही, कूकरच्या शिट्ट्या मोजत होते.

लेप पुन्हा बसवता येतो. हवा काढलेल्या मोठ्या भांड्यात आरसा ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची वाफ धरवतात. ती सोय पुण्याला होती. संस्थेने परवानगी दिली, एका मास्तरांनी आपली गाडी दिली, आणि मी आरसा गोधडीत गुंडाळून, मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून पुण्याला नेला. वाटेत दोनदा त्याला थंडी वाजेल म्हणून मी गोधडी सारखी केली आणि मग स्वतःलाच मूर्ख म्हटलं.

तिथल्या माणसाने गोधडी उघडली, आणि कडेच्या खाचेतलं लाल नखाने खरवडून पाहिलं.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"आणि धुतला कशाने?"

"चिंच आणि राख."

त्याने चष्मा काढला. "का?"

"खंडेनवमी होती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. काच शाबूत आहे, बारीक ओरखडे राहतील, पण काम देईल, असं म्हणाला. फक्त त्यांचं यंत्र दुरुस्तीला होतं आणि आधीचे आरसे रांगेत होते. संक्रांतीनंतर बघू. "आम्हाले लवकर पाहिजे," माझ्या तोंडून गेलं. एरवी मी पुण्यात जपून बोलते. कोपऱ्यातली मुलगी गालात हसली. हसो बापडी. मी नीट मराठीत पुन्हा सांगितलं, की ज्यांचा आरसा आहे त्यांची नजर जाते आहे. त्यावर तो माणूस अजिजीने म्हणाला, "ताई, मी समजू शकतो, पण यंत्राला ते कसं सांगू?" मी पावती घेतली आणि निघाले.

मग हिवाळा गेला. मी दर शनिवारी संध्याकाळी बुलढाण्याहून टेकाडावर यायचे. बाबा अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे तोंड करून बसलेले असायचे. आधी ते स्वतः शनी शोधून बोटाने दाखवायचे. मग त्यांना मान बरीच हलवावी लागायला लागली, नळी इकडून तिकडे फिरवावी तशी. मग विचारायला लागले, "कुठं हाय?" मी त्यांचं बोट धरून तिकडे करायचे. "हाव, हाय," ते म्हणायचे. एका शनिवारी बोट धरून दाखवल्यावरही ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी आईने चहा आणून त्यांच्या हातात दिला, तर कप आणि बशी दोन्ही खाली गेली. आईने तुकडे गोळा केले. आणि शनी रोज थोडा थोडा पश्चिमेला उतरत होता. महिन्या-दीड महिन्यात तो सूर्याच्या उजेडात बुडणार होता, आणि परत निघेपर्यंत कडं पुन्हा उघडायला लागलेलं असणार होतं.

माघात निरोप आला. आरसा आणला तेव्हा मी गोधडीची एक घडी उलगडून बाबांना म्हटलं, बघा. त्यांनी तोंड जवळ नेलं. आरशात त्यांचा चेहरा मोठा, स्पष्ट दिसत होता. मला दिसत होता. ते म्हणाले, "वास नवा येते."

बसवायचं काम आम्ही दुपारी केलं. हात माझे आणि डोकं त्यांचं. कोणता स्क्रू किती फिरवायचा, आरसा नेमका रोखला जावा म्हणून ठिपका कुठे आणायचा, ते स्टुलावर बसून सांगत होते आणि मी चुकले की खेकसत होते. बऱ्याच दिवसांनी ते खेकसले, आणि मला ते आवडलं. आई दाराबाहेर उभी होती. नवमीनंतर तिने वेधशाळेत पाऊल टाकलं नव्हतं.

सूर्य बुडाला, छप्पर सरकवलं. शनी पश्चिमेला बराच खाली होता. दुर्बीण इतकी कलली होती की स्टुलावर बसून पाहता येत होतं. मी शनी भिंगात आणला. आणला आणि पाहिला. मध्ये फिकट पिवळी गोळी, आणि दोन्ही बाजूंना सरळ, अगदी बारीक रेघ. चिंच-राखेच्या ओरखड्यांनी काही बिघडलं नव्हतं. मी उठले आणि बाबांना बसवलं. त्यांनी उजवा डोळा लावला. डोकं जरासं इकडे केलं, जरासं तिकडे केलं. मी मागे उभी होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरचा उसवलेला टाका बघत होते. शिवायला हवा, असं मला वाटलं. तेवढंच वाटलं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "उजेड हाय." मग म्हणाले, "नाही. उजेडच हाय नुसता."

खोटं बोलले नाहीत. मला वाटलं होतं बोलतील. ते उठले, हाताने चौकट चाचपत बाजूला झाले आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, इकडं ये."

आई दारातूनच म्हणाली, "काऊन?"

"पाह्य म्हणतो. बस इथं."

"शनी हाय तो."

"हाव, शनीच हाय. मले नाही दिसून राह्यला. तुले तर दिसते ना?"

आई आली. चप्पल बाहेर काढून आली, देवळात येतात तशी. स्टुलावर बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. कोणता डोळा, तिने विचारलं. कोणताही, बाबा म्हणाले. तिने डोळा लावला आणि श्वास घेतलेला ऐकू आला.

"काय दिसते?" बाबांनी विचारलं.

"बारका हाय," ती म्हणाली. "मले वाटलं केवढा असन. हरभऱ्याचा दाणा हाय, अन् त्याच्यातून काडी घातली आरपार. लय बारीक काडी."

"काडी दोन्हीकडून सारखी हाय?"

"हाव. सारखी."

"अन् मोडलेली? तुटलेली कुठं?"

"नाही. सरळ हाय."

बाबांनी मान हलवली. "तेच," ते म्हणाले. "तेच पाह्याचं होतं मले."

या दुर्बिणीला मोटार नाही. आभाळ फिरत असतं, त्यामुळे समोर आणलेला ग्रह हळूहळू कडेला सरकतो आणि निघून जातो. मग नळी हाताने केसभर ढकलावी लागते. आई म्हणाली, "गेलं." घाबरली होती, आपल्याच नजरेने काहीतरी बिघडवलं असं वाटून. बाबांनी चौकटीवर हात ठेवला आणि ती ढकलली. इतकी कमी, की हलली हे मला दिसलंही नाही.

"आलं," आई म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा, गेलं. बाबांनी ढकललं. आलं. मग तिला गेलं म्हणावंच लागेना. बाबा आधीच ढकलत होते, आणि ती नुसती, हाय, हाय, म्हणत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला. स्वच्छ, झोंबणारा हेवा, की यांचं सगळं गेलं तरी यांना ढकलायला आणि सांगायला कोणीतरी आहे. आणि हेवा का होईना, मला काहीतरी वाटलं. त्याने माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, कारण अंधार पडला होता आणि तिथे पाहणारी एकच होती, ती शनी पाहत होती.

शेवटी आई म्हणाली, "गेलं." बाबांनी ढकललं. "आलं?"

"नाही."

अजून ढकललं. "आता?"

मी वर पाहिलं. खालच्या शेताच्या बांधावरच्या निंबाच्या शेंड्याआड शनी गेला होता. "बाबा, झाडामागे गेला," मी म्हटलं.

बाबांनी चौकटीवरचा हात काढला नाही. आईने डोळा काढला नाही. झाडामागच्या अंधाराकडेच पाहत तिने विचारलं, "उद्या परत लावान का?"

"लावू," बाबा म्हणाले. "उद्या थोडं लवकर बसा लागन."